खाऱ्या पाण्यावर लिंबाची रोपं: कॅल्शियम देताना या चुका टाळा

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-अकोटकडे, बोअरच्या पाण्यावर पिशवीत कागदी लिंबाची रोपं वाढवणाऱ्यांचा एक समज फार महाग पडतो: 'आपल्या मातीत चुनखडी भरपूर, वरून कॅल्शियम कशाला?' मातीचा सामू (पीएच) 8 च्या वर गेला की चुनखडी पाण्यात जवळपास विरघळतच नाही, म्हणजे मुळाच्या काही कामाची नाही. त्यात खाऱ्या पाण्यातलं सोडियम मुळाच्या पेशींच्या पडद्यावरचं कॅल्शियम हुसकावतं. पडदा सैल पडतो, आतलं पालाश (पोटॅशियम) बाहेर झिरपतं आणि सोडियम आत शिरतं. मग पालाश कितीही द्या, पानापर्यंत पोचत नाही. इथे जिप्समच (कॅल्शियम सल्फेट) हवं. चुन्याची निवळी तर नकोच, ती सामू आणखी चढवते.

दुसरी चूक घाईची. एप्रिलमध्ये जुन्या पानांच्या कडा करपल्या की 'रोप उपाशी आहे' म्हणून डीएपीचं (नत्र-स्फुरदाचं खत) पाणी, आठवड्यात फरक नाही म्हणून युरिया, त्यावर टॉनिक. प्रत्येक खत म्हणजे आणखी क्षार, आणि पिशवीतून ते जाणार कुठे? वर डीएपीतलं स्फुरद (फॉस्फरस) उरलंसुरलं कॅल्शियमही बांधून टाकतं. पावसाळा लागेपर्यंत अर्धी ओळ वाळलेली असते.

आधी एक पिशवी फाडून मुळं बघा. जुन्या पानाची कड करपली तर क्षार. कोवळा शेंडा मुरडला, मुळांची टोकं तपकिरी पडली, तर कॅल्शियमची कमतरता, कारण ते जुन्या पानातून नव्याकडे सरकत नाही. खतं थांबवा, पिशवीची भोकं मोकळी करा, बुडातून निथळेपर्यंत गोडं पाणी द्या. मग 200 लिटरच्या ड्रमात 100 ग्रॅम बारीक जिप्सम रात्रभर भिजवून, ढवळून, वरचं निवळलेलं पाणी घाला. लिटरमागे दोन-अडीच ग्रॅमच्या वर ते विरघळतच नाही, त्यामुळे त्यापुढे मूठ वाढवून फक्त गाळ वाढतो. करपलेलं पान परत हिरवं होत नाही, सुधारणा नव्या फुटीत बघायची.

कॅल्शियम नायट्रेट आणि डीएपी एका ड्रमात नको, पांढरा साका बसतो.

पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश हे खत टाळा, त्यातलं क्लोराइड लिंबूवर्गाला सोसत नाही.

कॅल्शियमचाही अतिरेक नको, मॅग्नेशियमचं शोषण अडतं आणि जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी पडतात.

हलकी सर आली की पाणी बंद करू नका. वरचे क्षार तेवढ्या पावसाने मुळांपर्यंतच उतरतात, लगेच भरपूर पाणी देऊन ते बुडाबाहेर काढा.