आपत्कालीन विभागासाठी रात्रीची रेडिओलॉजी सेवा: या चुका टाळा

रात्रीच्या सेवेबद्दल तक्रार आली की पहिला संशय रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरवर जातो. वाचनात चुका होतात, हे खरंच आहे. पण रात्री जे बिघडतं, त्यातलं बरंचसं वाचनाच्या आधी किंवा नंतर बिघडतं: विनंतीच्या अर्जात, इमेज पोहोचण्यात, आणि तयार झालेला रिपोर्ट योग्य माणसाच्या कानावर जाण्यात. दिवसा ही उणीव माणसं भरून काढतात. सर्जन स्वतः खाली येऊन विचारतो, तंत्रज्ञ शेजारच्या खोलीत डोकावतो. रात्री रिपोर्ट करणारा एकटा असतो, कित्येकदा दुसऱ्याच शहरात. त्यामुळे तिथे पद्धत पक्की लागते.

अर्जावर फक्त ‘पोटदुखी’

‘पोटदुखी, कारण?’ एवढ्यावर पोटाचा सीटी वाचायला देणं म्हणजे वाचणाऱ्याचे डोळे अर्धे बांधणं. त्याऐवजी हे बघा: ‘उजव्या खालच्या पोटात 2 दिवस दुखणं, ताप, अपेंडिक्स आधीच काढलेलं.’ एका ओळीने शोधाची दिशा बदलते. दुखणं कुठे, किती वेळ, आधी कोणतं ऑपरेशन, आणि डॉक्टरांना नेमकी कशाची शंका आहे, एवढं आल्याशिवाय अर्ज पुढे जाऊ नये. मात्र यासाठी स्कॅन अडवू नका. पेशंट टेबलावर असतानाच तंत्रज्ञाने फोन करून माहिती घ्यावी.

सगळेच अर्ज ‘अर्जंट’ म्हणून आले की अर्जंट शब्दाला अर्थ उरत नाही. तीन पायऱ्या पुरतात: पेशंट टेबलावर असतानाच बघायचे (पक्षाघात, मोठा अपघात, महाधमनी फाटल्याची शंका), तासाभरात बघायचे, आणि सकाळपर्यंत थांबू शकतील असे. पायरी बदलायची असेल तर डॉक्टरने स्वतः फोन करावा.

इमेज पूर्ण यायच्या आत वाचायला घेणं

बाहेरून रिपोर्टिंग होतं तिथे ही चूक फार घडते आणि पटकन लक्षात येत नाही. हिशेब करून बघा. सीटीची एक स्लाइस (शरीराच्या एका छेदाचं चित्र) 512 गुणिले 512 पिक्सेलची आणि प्रत्येक पिक्सेलला 2 बाइट, म्हणजे साधारण अर्धा एमबी. अपघाताच्या पेशंटच्या स्कॅनमध्ये हजार स्लाइस सहज होतात, म्हणजे सुमारे 500 एमबी. अपलोडचा वेग 10 एमबीपीएस (सेकंदाला 10 मेगाबिट, आणि 8 बिट म्हणजे 1 बाइट) असेल तर लाइन पूर्ण मोकळी असतानाही 7 मिनिटं लागतात. त्यात दिवसभराच्या जुन्या तपासण्यांचा बॅकअप त्याच लाइनवर चालू असेल, तर डोक्याचा तातडीचा सीटी रांगेत मागे अडकतो.

वाचणारा मात्र यादीत नाव दिसताच तपासणी उघडतो. छाती येते, यकृत येतं, ओटीपोटाच्या स्लाइस अजून वाटेत असतात, आणि रिपोर्ट सही होऊन जातो. उपाय साधे आहेत. स्कॅनरवर किती इमेज झाल्या तो आकडा तंत्रज्ञाने कळवायचा आणि वाचणाऱ्याने सही करण्याआधी ताडून बघायचा. जाड स्लाइस आधी पाठवायच्या, पातळ मागून. बॅकअप पहाटेपर्यंत थांबवायचा. माहितीची गळती न होणारं कॉम्प्रेशन चालू केलं तर आकार निम्म्याच्या आसपास येतो.

‘रिपोर्ट उशिरा येतात’ ही तक्रार सोडवतानाही अंदाज बांधू नका. अर्ज, स्कॅन संपणं, शेवटची इमेज पोहोचणं, तपासणी उघडणं, सही आणि फोन, या 6 टप्प्यांच्या वेळा आठवडाभर लिहून काढा. उशीर नेमका कुठे होतो ते दिसेल. त्याआधी स्कॅनर आणि सर्व्हरची घड्याळं जुळतात का तेही पाहा.

अनोळखी पेशंटचं मात्र विशेष भान ठेवा. एकाच अपघातातले दोन बेशुद्ध पेशंट आले आणि दोघांची नोंद ‘अनोळखी पुरुष’ अशीच झाली, की इमेजची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. वेगळा तात्पुरता क्रमांक द्या, तो स्कॅनरवर हाताने टाइप न करता यादीतूनच घ्या, आणि खरं नाव जोडण्याचं काम सकाळी एकाच व्यक्तीकडे ठेवा.

पॅक्सवर (इमेज आणि रिपोर्ट ठेवण्याच्या संगणक प्रणालीवर) टाकलं म्हणजे कळवलं असं मानणं

माझ्या मते सगळ्यांत घातक चूक हीच. मेंदूतला रक्तस्राव, ताणाखालचा न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाभोवती साठून दाब वाढवणारी हवा), पोटात मोकळी हवा, फुफ्फुसाच्या धमनीतली मोठी गुठळी, असं काही दिसलं की फोन झालाच पाहिजे, आणि तो त्या पेशंटवर उपचार करणाऱ्या डॉक्टरलाच. वॉर्डात जो फोन उचलेल त्याला निरोप देऊन भागत नाही. समोरच्याने पेशंटचं नाव, क्रमांक, निदान आणि बाजू परत म्हणून दाखवायची: ‘डावीकडचा न्यूमोथोरॅक्स, बरोबर?’ हा डावा-उजवा उच्चार टाळू नये. कोणाशी, किती वाजता बोलणं झालं ते रिपोर्टमध्येच लिहायचं. फोन लागला नाही तर पुढचा फोन कोणाला, हे आधीच ठरलेलं हवं.

‘सीटी नॉर्मल’ या शब्दांचीही काळजी घ्यायला हवी. गुठळीमुळे आलेल्या पक्षाघातात पहिल्या काही तासांत प्लेन सीटी (शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध न देता केलेला) नॉर्मल दिसू शकतो. तो रक्तस्राव नाही हे सांगतो, पक्षाघात नाही असं सांगत नाही. गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण 4.5 तासांच्या आत द्यायचं असतं आणि निवडक पेशंटमध्ये गुठळी काढण्याची प्रक्रिया 24 तासांपर्यंत करता येते. त्यामुळे लक्षणं असतील तर रक्तवाहिन्यांचा सीटी लगेच व्हावा. मूत्रपिंडाचा आजार असल्याचं माहीत नसेल तर क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या) रिपोर्टसाठी तो अडवू नये.

सोनोग्राफी दूरवरून होत नाही, हे बाहेरून रिपोर्टिंगचा करार करताना बरेचदा विसरलं जातं. वृषणाला पीळ पडला असेल तर पहिले 6 तास मोलाचे. लक्षणं स्पष्ट असतील तर सोनोग्राफी करणारा येईपर्यंत न थांबता सर्जनला बोलवावं.

पहाटेचे तास

पहाटे 3 ते 6 या वेळात लक्ष सर्वांत ढिलं पडतं. एक फ्रॅक्चर सापडलं की नजर समाधान मानते आणि दुसरं निसटतं. म्हणून ठरलेली यादी पडद्याशेजारी हवी: पोटाच्या सीटीत फुफ्फुसांचे तळ, मणके आणि श्रोणीची हाडं, डोक्याच्या सीटीत हाडांची विंडो (हाडं स्पष्ट दिसतील अशी पडद्यावरची मांडणी). वाचन चालू असताना ‘रिपोर्ट झाला का?’ असे फोन थेट वाचणाऱ्याला जाऊ देऊ नका, मध्ये एक समन्वयक ठेवा. काम एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेलं की कोणाला उठवायचं, तेही लेखी असू द्या. उठवणाऱ्याला संकोच वाटता कामा नये.

घरी गेलेला पेशंट

रात्रीचा प्राथमिक रिपोर्ट आणि सकाळचा अंतिम रिपोर्ट यांत फरक पडणारच. प्रश्न असा की फरक कळल्यावर पेशंटला कोण सांगतं? मनगटातल्या स्कॅफॉइड या छोट्या हाडाचं फ्रॅक्चर रात्री निसटलं आणि पेशंट पट्टी बांधून घरी गेला, तर बदललेला रिपोर्ट संगणकात पडून त्याला काहीच उपयोग नाही. रोज सकाळी फरकांची यादी आपत्कालीन विभागातल्या एका ठरलेल्या डॉक्टरकडे जावी आणि प्रत्येक नावापुढे ‘फोन केला, अमुक ठरलं’ अशी नोंद व्हावी. हीच यादी महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून बघावी, दोष द्यायला नव्हे, शिकायला.

नेटवर्क पडलं तर

स्कॅनरच्या कन्सोलवर (स्कॅनर चालवण्याच्या संगणकावर) बसून कोण वाचणार, हाताने लिहायचे रिपोर्टचे कागद कुठे आहेत, फोन नंबरांची छापील यादी कुठे लावली आहे, हे रात्रपाळीच्या प्रत्येकाला माहीत हवं. दिवसा, गर्दी नसताना, तासभर नेटवर्क मुद्दाम बंद करून एकदा हे सगळं करून बघा. यादीतले निम्मे नंबर जुने निघाले तर ते त्याच दुपारी बदलता येतात.