‘पुनर्रचना’, ‘जीर्णोद्धार’, ‘कायापालट’ : शब्दाचे मूळ कसे शोधावे

मुंबईतल्या जुन्या चाळींत राहणाऱ्यांना ‘मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ’ हे म्हाडाच्या मंडळाचे नाव चांगले परिचयाचे असते. शब्दांची मुळे शोधण्याचा सराव याच नावापासून सुरू करावा, कारण मोडकळीस आलेले पुन्हा उभे करण्याचे दोन शब्द त्यात शेजारी आहेत आणि ते वेगवेगळ्या वाटांनी मराठीत आले आहेत.

प्रथम शब्द फोडावा. ‘दुरुस्ती’ हा फारसी ‘दुरुस्त’ म्हणजे नीट, धड यावरून आलेला शब्द आहे. ‘पुनर्रचना’ मात्र सावकाश पाहण्याजोगा आहे. संस्कृत संधिनियमाप्रमाणे ‘र्’पुढे ‘र’ आला की पहिला ‘र्’ लोपतो आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. म्हणूनच ‘निर्’ आणि ‘रस’ मिळून ‘नीरस’, तसेच ‘नीरोग’. या न्यायाने ‘पुनारचना’ व्हायला हवे होते, पण मराठीने दोन्ही ‘र’ राखले, आणि माझ्या मते ते योग्यच झाले, कारण त्यामुळे ‘पुनर्’ चटकन ओळखू येतो. संधीचा असा नियम मोडलेला दिसला, तर तो शब्द अलीकडे जुळवलेला असावा अशी शंका घेऊन पुढे तपास करावा.

त्यानंतर धातूकडे जावे. गिरगाव-परळच्या फलकांवरील ‘पुनर्विकास’मधला ‘विकास’ हा ‘वि’ उपसर्ग आणि ‘कस्’ धातू यांचा, मुळात उमलणे या अर्थाचा शब्द. ‘जीर्णोद्धार’मध्ये ‘जीर्ण’ आणि ‘उद्धार’, म्हणजे वर उचलणे, हे शब्द आहेत. ‘जीर्ण’, ‘जरा’ आणि ‘जर्जर’ एकाच धातूचे. आपला रोजचा ‘जुना’ही प्राकृत ‘जुण्ण’मार्गे त्याच कुळातला आहे. ‘नूतनीकरण’मध्ये ‘नूतन’चा अंत्य ‘अ’ जाऊन ‘ई’ येतो, कारण जे आधी तसे नव्हते ते तसे करणे, हा अर्थ संस्कृतात अशा ‘ई’काराने दाखवतात.

मग कोश उघडावेत. मोल्सवर्थच्या कोशाची 1857 सालची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते, आणि त्यात संस्कृत, फारसी, अरबी शब्दांपुढे तशा खुणा आहेत. शब्द तेथे नसेल तर तो नंतरचा असू शकतो, परंतु एवढ्यावरून निर्णय देऊ नये. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ही पाहावा. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयात बसून हे कोश शेजारी उघडून ताडता आले, तर उत्तमच.

केवळ उच्चार जुळतो म्हणून नाते जोडू नये. ‘कायापालट’मधील ‘पालट’चा ‘पालन’शी संबंध नाही, त्यामागे उलटणे, फिरणे या अर्थाचा प्राकृत ‘पल्लट्ट’ आहे.