उसण भरलेला पेशंट घेऊ नका

एमपीटीच्या (फिजिओथेरपीतल्या मास्टर्सच्या) थीसिससाठी मी कंबरदुखीच्या प्रश्नावलीची विश्वासार्हता तपासायचा विषय घेतला, कारण तो सोपा वाटला. यंत्र नको, खर्च नाही. एकाच पेशंटकडून तोच फॉर्म दोनदा भरून घ्यायचा आणि आकडे जुळतात का ते बघायचं.

फॉर्म ऑस्वेस्ट्रीचा, कंबरदुखीने रोजच्या कामांत किती अडतं ते मोजणारा. १९८० सालचा, दहा भाग, प्रत्येकाला ० ते ५ गुण. ५० पैकी जे येतील त्याचे टक्के, जास्त म्हणजे त्रास जास्त. (१९८३चा रोलंड-मॉरिस हा तसलाच दुसरा फॉर्म, म्हणजे २४ वाक्यं, लागू असेल तिथे खूण. ओपीडीत गर्दी असेल तर तो बरा.) भाषांतर वापरायची परवानगी मात्र आधीच मागा, पत्रव्यवहारात आठवडे जातात.

पहिल्या बॅचचा दुसरा फॉर्म मी आठवड्याने भरून घेतला. पिअर्सन कोरिलेशन, म्हणजे दोन वेळचे आकडे सोबत वर-खाली होतात का ते सांगणारा आकडा, झकास आलं. स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमनी दोन्ही रकाने शेजारी ठेवले आणि विचारलं, "दुसऱ्या खेपेला सगळ्यांचेच गुण कमी कसे गं?" मधल्या आठवड्यात त्यांना शेक, आयएफटी (विजेच्या सौम्य प्रवाहाचा उपचार), व्यायाम सगळं मिळालं होतं. त्यात निम्मे उसण भरलेले, म्हणजे तसेही चार-आठ दिवसांत मोकळे होणारे. पेशंट बरे झाले म्हणून रडलेली मी पहिलीच फिजिओ असेन.

पिअर्सनला हे दिसतच नाही. सगळ्यांचे गुण आठ-आठने उतरले तरी तो १, म्हणजे पूर्ण जुळणी, दाखवेल. म्हणून आयसीसी (दोन खेपांची जुळणी मोजणारा दुसरा आकडा) काढा, तोही अ‍ॅब्सोल्यूट अ‍ॅग्रीमेंटचा, म्हणजे गुण तेच आले का ते बघणारा. सॉफ्टवेअरमध्ये शेजारीच कन्सिस्टन्सीचा पर्याय असतो, तो सगळ्यांचे गुण सारखेच उतरले तर तिकडे काणाडोळा करतो. तो निवडलात की पुन्हा तीच फसगत.

दुसऱ्या बॅचला जुनी कंबरदुखी असलेले, घरचा ठरलेला व्यायाम करणारेच घेतले. आणि दुसऱ्या खेपेला आधी एकच विचारायचं: मागच्यापेक्षा काही फरक? "हाय तसंच हाय" म्हणणारेच हिशेबात.

फॉर्म कोण वाचून दाखवतं, तेही सांभाळा. एका आजींना पहिल्यांदा मी वाचून दाखवला, दुसऱ्यांदा सुनेने. 'कुठल्याही खुर्चीवर हवा तितका वेळ बसू शकतो' यावर आजी मला म्हणाल्या होत्या, "मी खुर्चीवर बसतच न्हाई, खाली बसते." सुनेने परस्पर खूण केली. गुण बदलले, कंबर तीच. लैंगिक संबंधांचा प्रश्न तर सासू शेजारी असली की कोराच राहतो. तो सुटला तर टक्के ४५ पैकी काढायचे. ५० ने भागलंत तर पेशंट कागदावरच सुधारतो.

आयसीसी चांगला आला म्हणून थांबू नका. व्हायव्हात मला विचारलं, "गुण ८ ने उतरले, म्हणजे पेशंट सुधारला का?" समजा प्रमाण विचलन (पेशंटांचे गुण किती पसरलेत ते) १२ आणि आयसीसी ०.९१. १ मधून ०.९१ वजा, त्याचं वर्गमूळ ०.३, गुणिले १२, म्हणजे मापनातली चूक ३.६. तिला १.९६ ने आणि २ च्या वर्गमूळाने गुणलं की जवळपास १०. फरक याहून मोठा असेल तरच तो खरा बदल मानायचा. ८ ची उतरण त्याच्या आतच राहते. मी "हो" म्हणून मोकळी झाले होते.