पेठेतला घोस्ट वॉक: या चुका टाळा

महिन्याला एखादा तरी उत्साही मुलगा भेटतोच. ‘दादा, मलाही पेठेत घोस्ट वॉक सुरू करायचाय.’ म्हणजे पुण्याच्या कसबा पेठेतून रात्री लोकांना फिरवत भुताखेतांच्या गोष्टी सांगायच्या. कंदील आणलेला असतो, काळा झब्बा शिवून झालेला असतो, इन्स्टाग्रामवर पोस्टरही पडलेलं असतं. ‘कसब्यात दिवसा किती वेळा फिरलास?’ एवढं विचारलं की गडी गप्प. त्या सगळ्यांसाठी हे एकदाच लिहून ठेवतो.

पहिली चूक म्हणजे माणूस लपवून ओरडायला लावणं. ही मी स्वतः केलेली आहे. दुसऱ्या वर्षी मला वाटायला लागलं की वॉक मिळमिळीत होतोय. म्हणून मावसभावाला तांबट आळीजवळच्या एका बोळात, वाड्याच्या जिन्याखाली उभं केलं. गोष्ट सांगताना मी ‘नारायणराव पेशवे धावत सुटले’ इथपर्यंत आलो की त्याने ‘काका, मला वाचवा!’ अशी आरोळी ठोकायची, असं ठरलं. पोराने ठोकली, आणि काय ठोकली! मंडळी किंचाळली, एकीची चप्पल गटारात गेली, मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा दिवा लागला. त्या वाड्यात सत्तरीचे एक गृहस्थ राहतात आणि अख्खी आळी त्यांना काका म्हणते. ‘आलो रे, आलो!’ करत ते बनियनवरच, टॉर्च घेऊन लाकडी जिना उतरायला लागले. शेवटच्या दोन पायऱ्या चुकल्या. पाय मुरगळला, टॉर्च फुटला आणि बसल्या जागेवरून त्यांनी विचारलं, ‘पोराला फार लागलंय का?’

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी क्रेप बँडेज आणि पेढे घेऊन गेलो. काकांनी पेढे घेतले, काकूंनी दार लावलं. तीन महिने त्या बोळात पाऊल टाकलं नाही. तेव्हापासून जिथे जिथे थांबायचं असेल, तिथे आदल्या संध्याकाळी चक्कर मारतो. कोण आजारी आहे, कुणाकडे दहावीचं पोर आहे, कुणाकडे तान्हं बाळ आलंय, सगळं विचारून येतो. आणि बोळात आवाज इतकाच ठेवतो की पुढच्या चौघांना ऐकू यावं. मागचे आपोआप जवळ सरकतात. स्पीकर लावलात की ते लांब उभे राहून फोन बघतात.

दुसरी चूक माझ्या जास्त डोक्यात जाते. ‘याच खोलीत, अशाच एका काळोख्या रात्री...’ अहो, कुठली खोली? शनिवारवाड्यातले महाल १८२८ च्या आगीत गेले. आत उरलेत ते जोते, कारंजी आणि हिरवळ. आणि कुठली रात्र? नारायणरावांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी, भर दुपारी. थकलेल्या पगाराचा कांगावा करत गारदी वाड्यात घुसले. अठरा वर्षांचा पेशवा पळत पळत चुलत्याच्या, रघुनाथरावांच्या दालनात शिरला आणि त्यांच्या कमरेला मिठी मारून बसला. तुळाजी पवाराने त्याला पाय धरून ओढलं. चापाजी टिळेकर हा सेवक त्याच्या अंगावर आडवा पडला आणि दोघंही एकदमच कापले गेले. पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. हे सगळं सांगायला कंदील कशाला लागतो? उलट ‘दुपारची वेळ होती, उजेड होता’ असं म्हटलं की लोकांच्या अंगावर जास्त काटा येतो. टिळेकराचं नाव दहातल्या नऊ गाइडना माहीत नसतं, कारण पंचेचाळीस सेकंदांच्या रीलमध्ये ते बसत नाही.

आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, ही आख्यायिका. पौर्णिमेच्या रात्री वाड्यातून हाका ऐकू येतात, हीही आख्यायिका. जरूर सांगा, पण ‘असं म्हणतात’ हे दोन शब्द गिळू नका. संध्याकाळनंतर वाडा बंदच असतो, तेव्हा मी तटाबाहेरून दक्षिणेच्या अंगाला जातो. नारायणरावांचं शव तिथल्या दरवाजातून बाहेर काढलं, म्हणून त्याला नारायण दरवाजा म्हणायला लागले असं सांगतात. तिथे मिनिटभर काहीच बोलत नाही.

भुतांच्या बाबतीतही तोच आळस. मराठीत भुतांची एवढी मोठी बिरादरी असताना सगळ्यांना सरसकट ‘आत्मा’ म्हणायचं आणि पांढऱ्या साडीतली बाई उभी करायची! पिंपळावर मुंजा असतो. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला, तो मुलगा. गाडलेल्या धनावर समंध बसतो, पाण्यात गिऱ्हा ओढतो, माळावर वाट चुकवतो तो चकवा. आता चकवा कसब्यात आणून ठेवणारेही भेटलेत मला. तिथे वाट चुकवायला बोळ पुरेसे आहेत, चकव्याला कशाला त्रास?

फोनवरच्या ‘एनर्जी’ मोजणाऱ्या अ‍ॅपबद्दल एकच सांगतो. ते चुंबकीय क्षेत्र मोजतं, त्यामुळे डीपीच्या पेटीजवळ किंवा लोखंडी गजांपाशी भूत हमखास सापडतं.

पंधरापेक्षा जास्त माणसं घेऊ नका. पावसाळ्यात फरशीवर शेवाळं असतं, रबरी तळव्याचे बूट घालायला सांगा. कुत्र्यांना बिस्किटं मी स्वतः घालतो, गटाला घालू देत नाही. पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ ला, नदीकाठच्या पेठांमध्ये काय झालं ते बघितलेली माणसं अजून आहेत. त्या मेलेल्यांची भुतं करू नका. एकदा माझ्याच गटात एक आजी मध्येच म्हणाल्या, ‘माझी मैत्रीण गेली त्यात.’ त्या दिवसापासून तो थांबाच काढून टाकला.

आणि शेवटची चूक, तारखेची. नारायणराव गेले ती तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, म्हणजे अनंत चतुर्दशीचा आदला दिवस. दरवर्षी कुणीतरी हुशार फोन करतो, ‘त्याच रात्री स्पेशल वॉक ठेवा ना, तिकीट दुप्पट लावा.’ त्या रात्री कसब्यात पाय ठेवायला जागा नसते, मंडपांच्या रोषणाईत सुई पडली तरी सापडेल आणि ढोलांपुढे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. मी सांगतो, आज गणपती बघा, मिसळ खा. पितृपक्ष लागला की या.