गोधडी कशी शिवावी, आणि तिच्या पोटात फुगा कसा येऊ देऊ नये

गोधडी शिवायला अवघड नसते. धावदोरा म्हणजे सुई खाली-वर करत पुढे जाणारा साधा टाका, तो तिसरीतल्या मुलीलाही येतो. तरी कितीतरी जणींची पहिली गोधडी मध्येच गुंडाळून माळ्यावर जाते, आणि त्याचं कारण सुई नसते. शिवायला बसण्याआधी जमिनीवर थर पसरून टाचायचे, म्हणजे लांब कच्च्या टाक्यांनी तात्पुरते जोडायचे असतात, ते काम घाईघाईने अर्ध्या तासात उरकलेलं असतं. म्हणून या लेखात बाकी सगळं भराभर सांगते आणि त्या एका जागी थांबते.

कापड

जुनं, सुती, मऊ झालेलं. नऊवारी असेल तर सोनंच. सिंथेटिक साडी कितीही सुंदर असली तरी नको. ती थरांमधून निसटते आणि घाम शोषत नाही. नवं कापड जुन्यात मिसळू नका. पहिल्या धुण्यात नवं आटतं, जुनं आटत नाही, आणि गोधडी वाळलेल्या पापडासारखी वेडीवाकडी होते. खळ असेल तर धुऊन काढा, फॉल उसवा.

साडीचे काठ कापून बाजूला ठेवा. काठाची वीण घट्ट असते. चार थरांत चार काठ एकावर एक आले की तिथे सुई शिरत नाही, दाभण घ्यावा लागतो. शेवटी गोट, म्हणजे कडेची पट्टी, लावायला हेच काठ कामी येतात.

माप

नऊ वार म्हणजे 27 फूट. नऊवारीच्या चार घड्या केल्या की पावणेसात फुटांचे चार थर मिळतात. एका माणसाच्या पांघरुणाला लांबी पुरते. रुंदी काठ काढून साडेतीन फुटांच्या आसपास उरते, आणि पहिल्या गोधडीला तेवढीच ठेवा. का ते पुढे येईल. वरून एक सहावारी रंगीत तोंडाला घेतली तरी चालते. पाच थर पुण्याच्या थंडीला पुरे. सहाव्या थराचा मोह आवरा, बोटं तुमचीच आहेत.

अजिबात अनुभव नसेल तर आधी बाळाचं दुपटं करा. तीन बाय तीन फूट, जुन्या धोतराचे तीन थर. चुकलं तरी बाळ तक्रार करत नाही.

थर आणि टाचे

माझी पहिली मोठी गोधडी सासूबाईंच्या दोन नऊवारींची. मुलगी तेव्हा बालवाडीत. ती झोपली की मी बसायची. थर घातले, चार कोपऱ्यांना चार सेफ्टी पिना, मध्ये दहाएक टाचण्या, आणि लगेच कडेने शिवायला सुरुवात. तीन आठवडे छान चाललं. चौथ्या आठवड्यात मधोमध एवढा मोठा फुगा आला की खालून हात घातला तर उशीसारखा वर यायचा. सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हिला दिवस गेलेत की काय?" त्यानंतर मी सोळा फेऱ्या उसवल्या.

फुगा का येतो हे एकदा समजलं की बाकी सगळं आपोआप जमतं. आपली गोधडी कडेकडून आत शिवत जातात, चौकोनात चौकोन. कडा दुमडून पहिल्यांदाच बंद होतात. थरांमध्ये राहिलेली ढील प्रत्येक फेरीला थोडी आत ढकलली जाते, बाहेर पडायला तिला वाट नसते, आणि शेवटी ती मध्यावर साचते. आता व्हिडिओत सांगतात की मधून बाहेर शिवा. ते आत कापूस किंवा पॉलिस्टरची गादी भरलेल्या, कडा उघड्या ठेवलेल्या रजयांसाठी ठीक आहे. तिथे भरण कडेला सरकवायची असते. इथे सरकवायला काही नाही, नुसती कापडं आहेत. शिवण कडेकडूनच घाला. मधून बाहेर जायचं ते टाचताना.

तर जमीन रिकामी करा. फरशी असेल तर उत्तम. सतरंजीवर पसरू नका. मी एकदा सतरंजीसकट टाचली होती. सर्वांत खालचा थर, तोंडाची बाजू जमिनीकडे करून, पसरा आणि चारही कडांना रुंद चिकटपट्टीने फरशीला पक्का करा. ताणायचा, पण ओढायचा नाही: चुणी राहू नये एवढाच. मग पुढचा थर, हाताचे तळवे मध्यावर ठेवून चारी दिशांना. पोळीवर तूप पसरतो तसं, घाई न करता. सगळ्या थरांचे उभे धागे एकाच दिशेला हवेत. एखादा तुकडा आडवा घातलात तर तो वेगळा ताणला जाईल, आणि ते धुतल्यावर कळेल, म्हणजे फार उशिरा.

जोडाचे तुकडे घालत असाल तर ते आतल्या थरांत घाला, आणि दोन थरांचे जोड एकावर एक येऊ देऊ नका.

आता टाचे. वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, मी लाल घेते, म्हणजे काढताना शोधावा लागत नाही. टाका तीन-चार बोटं लांब. सुरुवात बरोबर मध्यावर. मध्यावरून एका कडेपर्यंत, परत मध्यावर येऊन समोरच्या कडेपर्यंत. मग आडवं तसंच. अधिकचं चिन्ह झालं. त्यानंतर मध्यावरून चारही कोपऱ्यांकडे. मग या रेघांच्या मधल्या जागा, वीतभर अंतराने, प्रत्येक वेळी आतून बाहेर. कडेकडून आत एकही रेघ नको. सुई वर काढताना कापड उचलायची सवय असते, आणि तिथेच थर सरकतात. डाव्या हातात स्टीलचा चमचा धरा, त्याचा काठ कापडावर दाबून सुईचं टोक त्यावर घ्या आणि वर उचला. चमच्याने माझा अर्धा वेळ वाचला.

आणि गोधडीवर चढून बसू नका. हात पोचत नाही म्हणून बसतात, गुडघा सरकतो, खालचे दोन थर गुडघ्याबरोबर जातात. साडेतीन फूट रुंदी म्हणूनच सांगितली: दोन्ही बाजूंनी बसून मध्यापर्यंत हात जातो. नवऱ्याला, मुलांना, मांजराला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवा. एका बैठकीत टाचणं संपवायचं. अर्ध्यावर सोडून पोळ्या करायला उठलात तर परत आल्यावर कोणीतरी वरून चालत गेलेलं असेल.

नुसत्या पिनांवर विसंबू नका. पीन एका बिंदूला धरते. दोन पिनांमधल्या कापडाला ती काय धरणार! फवारायचा गोंद मी वापरून पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही. रोज अंगावर घ्यायच्या वस्तूत गोंद कशाला?

टाचून झालं की परीक्षा. चिकटपट्टी सोडवा, दोघांनी कोपरे धरून उभी लटकवा आणि हलकेच झटका. खाली पोट सुटलं तर ढील राहिली आहे. मग तिथले टाचे काढून पुन्हा. हा कंटाळा आता केलेला बरा. नंतर सोळा फेऱ्या उसवाव्या लागतात.

धावदोरा

वरच्या-खालच्या थराची कड एक-एक इंच आत दुमडा, कोपऱ्यापासून सुरू करा, गोल गोल आत या. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन फेऱ्यांमध्ये बोटभर अंतर. दोरा जाड सुती, हातभर लांब. जास्त लांब घेतला की गुंता. गाठ थरांच्या आत लपवा. बोटात घालायची पत्र्याची टोपी, अंगुस्तान म्हणतात ती, पाच थरांना लागतेच. फेरी जसजशी आत येईल तसतसे तिथले लाल टाचे काढा, आधी नाही.

एवढं करूनही बारीक फुगवटा दिसला तर तो एका फेरीत संपवू नका. प्रत्येक टाक्याला वरचं कापड केसभर जास्त घेत चार-पाच फेऱ्यांत जिरवा. मोठा असेल तर उसवा. त्याची चुणी घालून वरून शिवाल तर ती चुणी रात्रभर पाठीला टोचते.

एका माणसाच्या गोधडीत शंभर मीटरहून जास्त धावदोरा जातो. रोज दुपारी दीड तास बसले तर मला महिना लागतो. उठताना सुया मोजायच्या, बसताना परत मोजायच्या. घरात रांगणारं मूल असेल तर सुई हरवली की ती सापडेपर्यंत स्वयंपाकही नाही.

गोट आणि धुणं

काठ कडेने दुमडून लावा. हे मशीनवर केलं तरी चालतं.

पहिल्यांदा थंड पाण्यात, एकटीच धुवा. लाल किंवा काळी साडी असेल तर रंग जातोच. पिळू नका. वाळत घालताना दोन दोऱ्यांवर आडवी टाका, एका दोरीवर नाही. ओल्या गोधडीचं वजन मधल्या एका घडीवर आलं की तिथला धावदोरा तटतटा तुटतो.