हॉटेलात पोऱ्या (बालकामगार) दिसला, तर तक्रार अशी करा

आधी एक पथ्य: मालकाशी हुज्जत घालू नका. त्याला कुणकुण लागली की मुलगा मागच्या दारानं गायब होतो आणि सुटकेसाठी पथक येईपर्यंत भटारखाना रिकामा झालेला असतो.

चहा घ्या, नीट पाहा, बाहेर येऊन लिहून काढा. हॉटेलचं नाव, जवळची खूण, मुलगा नेमका कुठे असतो (बहुधा मागच्या मोरीपाशी कपबशा विसळत), रात्री तिथेच झोपतो का, बोटांच्या बेचक्यांत सोड्यानं कातडी सोललेली आहे का. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वार आणि वेळ. कारण मालकाचं ठरलेलं उत्तर असतं, 'भाचा आहे हो, सुट्टीत मदतीला आलाय.' बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कुठेही कामाला ठेवता येत नाही. अशा ठिकाणी सवलत आहे ती घरच्या बिनधोक्याच्या कामात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत करण्यापुरती. सख्ख्या मामाचं हॉटेल त्यात बसू शकतं. पण शाळेच्या वेळेत नाही, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ नाही आणि दिवसाला ३ तासांहून जास्त नाही. शाळा चालू असतील, तर 'मंगळवार, सकाळी साडेअकरा' एवढ्या नोंदीनं ही पळवाट बंद होते.

मग मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकावर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास चालतो. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. त्याच दिवशी सहायक कामगार आयुक्त आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, जिल्हाधिकाऱ्यांना प्रत पाठवा. मुलाचा फोटो गटांवर फिरवू नका. त्याची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे.

सुटका झाल्यावर २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मुलाला बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं. प्रकरण लटकतं ते वयावर. वयाचा पुरावा म्हणून आधी शाळेची जन्मतारीख, ती नसेल तर ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा लगेच मागवायला सांगा.

एफआयआर वाचून घ्या. नुसता १९८६ चा बालकामगार कायदा लावला असेल, तर मालक २० ते ५० हजारांच्या दंडावर सुटू शकतो. मुलाला डांबून ठेवलं असेल किंवा त्याची मजुरी दाबली असेल, तर बाल न्याय कायद्याचं कलम ७९ लावायचा आग्रह धरा: ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख दंड. हे कलम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना लागू होतं, म्हणून 'तो पंधराचा आहे' या सबबीनं प्रकरण संपत नाही.

दंडाची रक्कम मुलाच्या नावे पुनर्वसन निधीत जमा व्हायला हवी, सरकारनं त्यात १५,००० घालायचे असतात. त्याचा पाठपुरावा लेखीच करा. मूल १४ च्या आतलं असेल, तर शाळेला दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. वयानुरूप वर्गात बसवून मागे राहिलेला अभ्यास भरून काढणं हे शाळेचंच काम आहे.