अंतराळ-मालिकेच्या पहिल्या भागावर मुलांची मतं कशी घ्यावीत

पुस्तक संपल्यावर 'कसं वाटलं?' असं विचारलं की बारा वर्षांचा मुलगा 'लई भारी' म्हणतो आणि पंधरा वर्षांची मुलगी 'ठीक आहे' म्हणते. पुढच्या वाचकाला किंवा पुस्तकं निवडणाऱ्या ग्रंथपालाला या दोन्ही उत्तरांचा काडीचा उपयोग नाही. त्यातून पुस्तक अंतराळ-साहसाच्या मालिकेतलं पहिलं असेल तर पंचाईत वाढते. पहिला भाग म्हणजे अर्धी गोष्ट आणि अर्धी पुढच्या भागांची जाहिरात. दुसरा, तिसरा, कधी सहावा भाग घ्यायचा की नाही, हे या एका पुस्तकावरच्या मतांवर ठरतं. चुकीच्या मतांवर पूर्ण संच मागवला की तो कपाटात कोरा करकरीत पडून राहतो.

खालची पद्धत सोलापुरातल्या उन्हाळी सुट्टीतल्या वाचनगटासाठी आहे. मुलं ८ ते १०, वय १२ ते १६, पुस्तक साधारण ३०० पानांचं.

जमवाजमव

दहा मुलांना दहा प्रती क्वचितच मिळतात. पाच प्रती असतील तर दोन तुकड्या करा. दिवसाला ३० पानं या हिशेबाने पहिली तुकडी दहा दिवसांत वाचून संपवते, मग प्रती दुसरीकडे जातात. चर्चा मात्र दोघींची एकत्र, एकविसाव्या किंवा बाविसाव्या दिवशी. सख्खी किंवा चुलत भावंडं एकाच तुकडीत ठेवा. वेगळी ठेवलीत तर रात्री गच्चीवर झोपताना शेवट फुटतो आणि दुसऱ्या तुकडीतलं एक मत वाया जातं.

प्रत कोणत्या भाषेत आहे याची नोंद सुरुवातीलाच करा. सोलापुरात एकाच गटात घरी मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी मुलं असतात. पूर्व भागातली बरीच मुलं घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि मोबाइलवर हिंदी अशी तिहेरी कसरत करतात. इंग्रजी प्रत वाचणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलाला दिवसाला १५ पानं धरा, म्हणजे त्याला वीस दिवस लागतील. त्याला पहिल्या तुकडीत घ्या आणि प्रत शेवटपर्यंत त्याच्याचकडे राहू द्या. दुसऱ्या तुकडीत तेवढं एक मूल कमी घ्यावं लागेल, ते चालेल. मत कोणत्या भाषेत लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मराठीत लिहायला लावलं की तेलुगू घरातलं मूल सोपे शब्द शोधत बसतं आणि मत आपोआप गुळमुळीत होतं.

बैठक सकाळी साडेसात ते नऊ. एप्रिल-मे महिन्यांत दहानंतर सोलापुरात पंख्याखालीही डोकं चालत नाही. कोणी गैरहजर राहिलं तर पुस्तकाला कंटाळलं असं लगेच धरू नका, आधी त्यांच्या भागात त्या दिवशी पाणी येणार होतं का ते विचारा. आणि प्रतींना खाकी कव्हर घाला. शेंगा चटणीचं तेल पानात उतरलं की निघत नाही.

चिठ्ठ्या

या पद्धतीचा कणा म्हणजे चार चिठ्ठ्या. ए-फोर कागदाचे चार तुकडे केले की एका मुलाचं भागतं. पहिली चिठ्ठी ३०व्या पानाला, दुसरी नायक किंवा नायिका घर सोडून अंतराळात निघते तिथे (बहुतेक पहिल्या भागांत हे पाव पुस्तकाच्या आसपास घडतं), तिसरी २००व्या पानाला आणि चौथी शेवटी. प्रत्येकीवर चारच गोष्टी: पान आणि तारीख, आत्ता काय चाललंय, एका ओळीत, पुढे काय होईल असं वाटतं, एका ओळीत, आणि पुस्तक बाजूला ठेवावंसं वाटलं का, वाटलं असेल तर कोणत्या पानावर.

तिसऱ्या ओळीचं मोल सर्वांत जास्त. पुढे काय होईल याचा अंदाज मुलाने बांधलेला असेल तर ते गोष्टीत शिरलं आहे. 'माहीत नाही' असं लिहिलं असेल तर दोन शक्यता राहतात: गोष्ट कळलेली नाही, किंवा कळूनही तिच्याशी देणंघेणं नाही. दहापैकी आठ जणांचा अंदाज एकच आणि अचूक निघाला तर लेखकाची कलाटणी आधीच उघडी पडली होती, मग शेवटी मुलं 'धक्का बसला' असं कितीही म्हणोत.

हमखास होणारा घोटाळा: चारही चिठ्ठ्या शेवटच्या दिवशी एका बैठकीत भरल्या जातात. एकच पेन, एकच घाई, आणि पहिल्या चिठ्ठीतच शेवटाची चाहूल. शेवट आवडला की सुरुवातही आवडली होती असं वाटू लागतं, मोठ्यांचंही असंच होतं. उपाय साधा आहे. एका वेळी एकच चिठ्ठी द्या, ती परत आल्याशिवाय दुसरी देऊ नका. दुसरा घोटाळा आईबाबांचा. 'कथानकाची मांडणी ओघवती आहे' असं वाक्य तेरा वर्षांच्या मुलाच्या चिठ्ठीत दिसलं तर ती चिठ्ठी बाजूला काढा आणि त्याला तोंडी विचारा.

अर्ध्यात सोडलेलं पुस्तक

दहा मुलांपैकी चौघांनी ६०व्या पानावर पुस्तक टाकलं आणि उरलेल्या सहांनी पाचपैकी पाच तारे दिले, तर सरासरी पाच येते. ही सरासरी शुद्ध फसवी आहे, कारण ज्यांना आवडलं नाही ते मोजणीतच नाहीत. म्हणून ताऱ्यांच्या नादी लागू नका. 'दहापैकी सहांनी पूर्ण केलं, चौघांनी ५० ते ७० पानांत सोडलं' या एका वाक्यात जास्त माहिती आहे. सोडणाऱ्याला ओशाळं वाटू देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी तो खोटं सांगेल.

पहिल्या भागात मुलं अडकतात ती बहुधा नावांत. लेखकाला सहा पुस्तकांचं विश्व उभारायचं असतं, म्हणून पहिल्या पन्नास पानांत ग्रह, चंद्र, संघटना, सैन्यातली पदं आणि यानांचे प्रकार अंगावर येतात. मोजून बघा: पहिल्या ३० पानांतली नवी विशेषनामं आणि बनवलेले शब्द कागदावर उतरवा. पंचवीसच्या वर गेले तर बारा-तेराच्या मुलांना ते पुस्तक जड जाईल असं धरून चाला. हे मोजमाप ढोबळ आहे, पण पाठीमागच्या मजकुरापेक्षा भरवशाचं.

भाषांतराची तक्रार आणि गोष्टीची तक्रार वेगळी करावी लागते. नावडलेला परिच्छेद मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. वाचताना जीभ अडखळते पण 'मग काय झालं?' हे त्याला सांगता येतं, तर दोष भाषांतराचा. जीभ सुरळीत चालते आणि घडलेलं काहीच सांगता येत नाही, तर दोष मूळ पुस्तकाचा. यंत्रांच्या नावांवरून मोठी माणसं विनाकारण वाद घालतात. 'स्पेसशिप' ठेवलं काय आणि 'अंतराळयान' केलं काय, मुलं दोन्ही पचवतात. पान १२ वर एक आणि पान ४० वर दुसरं असलं की मात्र ती दोन वेगळी यानं समजतात.

विज्ञान चुकलंय, म्हणजे नक्की काय?

प्रत्येक गटात एक मुलगा असतो जो म्हणतो, 'असं होऊच शकत नाही.' त्याला गप्प बसवू नका, हिशेब करायला लावा. अंतराळ-साहसावरच्या मतांत सर्वांत चविष्ट भाग इथेच निघतो.

आधी आवाज. निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज ऐकू येत नाही, आवाजाला पसरायला माध्यम लागतं. तरीही पुस्तकात यानाच्या आत बसलेल्याला धडका ऐकू आल्या तर ती चूक नव्हे, कारण आत हवा आहे आणि भिंत थरथरते.

मग संदेश. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, म्हणजे एका बाजूने सव्वा सेकंद. मंगळापर्यंत ग्रहांच्या जागेप्रमाणे सुमारे ३ ते २२ मिनिटं. नायिका मंगळावरून आईशी फोनसारखं बोलत असेल तर लेखकाने त्यासाठी काही युक्ती सांगितली आहे का ते शोधा. हे बैठकीत करूनही बघता येतं. दोन मुलं दोन कोपऱ्यांत बसवा, मध्ये निरोप्या, आणि प्रत्येक चिठ्ठी तीन मिनिटं रोखून धरा. 'जेवलीस का?' या प्रश्नाचं उत्तर यायला सहा मिनिटं लागली की मुलांना कळतं की उशिरामुळे प्रसंग उलट जास्त रंगला असता.

यानातलं वजन. चाकासारखं फिरणारं स्थानक असेल तर मिनिटाला दोन फेऱ्यांत पृथ्वीइतकं वजन जाणवायला त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते. दहा मीटर त्रिज्येचं छोटं चाक मिनिटाला साडेनऊ फेरे घेईल, आणि त्यात उभ्याउभ्या तलवारबाजी करणाऱ्या नायकाला आधी ओकारी येईल. यान सतत वेग वाढवत असेल तर त्यातूनही वजन मिळतं. पृथ्वीइतक्या प्रवेगाने अर्धा रस्ता वेग वाढवत आणि अर्धा कमी करत गेलं तर साडेपाच कोटी किलोमीटर अंतर दोन दिवसांच्या आत कापता येईल. आजच्या इंधनात ते जमत नाही. कमीत कमी इंधनाच्या वाटेने मंगळाला साडेआठ महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणून 'दोन दिवसांत मंगळ' वाचलं की खोटं म्हणण्याआधी इंजिनाबद्दल काय लिहिलंय ते पाहा.

लघुग्रहांचा पट्टा हा पुस्तकांतला सर्वांत लाडका घोळ. तिथे दगडांच्या गर्दीतून यान वाकवत न्यावं लागत नाही, दोन मोठ्या दगडांमध्ये सहसा लाखो किलोमीटर असतात. याउलट आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक मुलांना वाटतं तितकं दूर नाही. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं, आणि सोलापूर ते मुंबई रस्त्याने जवळपास तेवढंच भरतं. कठीण अंतर नसतं, वेग कठीण असतो. ते स्थानक दीड तासात पृथ्वीची एक फेरी पुरी करतं.

एवढं सगळं करून निकाल मात्र एकाच प्रश्नावर द्यावा: पुस्तकाने स्वतः घातलेला नियम पाळला का? प्रकाशापेक्षा जोरात जाणारं यान मुलं बिनतक्रार मान्य करतात. पण ४०व्या पानावर 'उडीनंतर इंजिन सहा तास थंड करावं लागतं' असं सांगून २७०व्या पानावर पाठोपाठ दोन उड्या मारल्या, तर ती खरी चूक. अशा चुकीची नोंद दोन पानांच्या क्रमांकांसह घ्या. खऱ्या विज्ञानातली चूक वेगळ्या ओळीत लिहा, दोन्ही एकत्र झाल्या तर पुस्तकावर अन्याय होतो.

चर्चा

दीड तास पुरतो. तोंड उघडण्याआधी प्रत्येकाने आपली पहिली चिठ्ठी जशीच्या तशी वाचायची. मग सोडून देणारे बोलतील, त्यानंतर वयाने सर्वांत लहान, आणि शेवटी तो मुलगा ज्याने मालिकेचे पुढचे भाग मोबाइलवर आधीच शोधून ठेवलेत. क्रम उलटला तर पहिल्या वक्त्याचं मत गटाचं मत होतं. सर, मॅडम, ताई, जे कोणी गट चालवतात त्यांनी पहिली चाळीस मिनिटं मत देऊ नये. मान डोलावणंही टाळा, मुलं मोठ्यांच्या मानेकडे बघून बोलतात.

शेवटाबद्दल फळ्यावर तीन रकाने आखा: सुटलेले प्रश्न, मुद्दाम उघडे ठेवलेले, आणि लेखक विसरलेला दिसतो असे. मालिकेचा पहिला भाग अर्धवट संपला म्हणून रागावणं सोपं आहे, पण फरक ओळखता यायला हवा. 'ही मुलगी यानातून सुटेल का?' या प्रश्नावर पुस्तक सुरू झालं आणि ती सुटली, पण यान कोणी पाठवलं ते कळलं नाही, तर व्यवहार चोख. ती दारात उभी असतानाच शेवटचं पान आलं, तर वाचकाकडून एका पुस्तकाचे पैसे घेऊन पाऊण पुस्तक दिलं. हे पारखायला पहिल्या चिठ्ठीतलीच ओळ वापरा: ३०व्या पानावर मुलाला जो प्रश्न पडला होता, त्याचं उत्तर मिळालं का?

'दुसरा भाग वाचशील का?' असं विचारू नका, सगळी हो म्हणतात. विचारा: खाऊच्या पैशातून घेशील, वाचनालयात आला तर नेशील, की मित्राच्या घरी पडलेला दिसला तर चाळशील? नंतर पंधरा दिवसांनी, आधी न सांगता, तीन पात्रांची नावं विचारा. नायकाचंही नाव आठवत नसेल तर खाऊच्या पैशांची बात सोडून द्या.

लिहून काढणं

वाचनालयाच्या फलकावर किंवा शाळेच्या अंकात लावायचा मजकूर २५० ते ३०० शब्दांचा पुरतो. किती जणांनी सुरू केलं, किती जणांनी संपवलं, कोणत्या पानांत सोडलं, कोणत्या वयाला मानवलं, ही माहिती पहिल्या दोन ओळींत द्या. पाव पुस्तकानंतरचं काहीही फोडू नका. मतभेद झाला असेल तर दोन्ही बाजू ठेवा, 'एकंदरीत चांगलं' असा लगदा करू नका. मुलांचे शब्द सुधारू नका. 'बेक्कार' लिहिलं असेल तर 'बेक्कार'च छापा, फक्त का ते पुढे हवं. नावाऐवजी वय पुरे.

चिठ्ठ्या टाकू नका. एका पाकिटात घालून वर पुस्तकाचं नाव आणि वर्ष लिहा, वाळवी लागू नये म्हणून पत्र्याच्या कपाटात ठेवा. दुसरा भाग हाती आला की वाचायला सुरुवात करण्याआधी पाकीट उघडायचं आणि चौथ्या चिठ्ठीवरचे अंदाज मोठ्याने वाचायचे.